कर्नल नायडूंचा हुद्दा

नागपूरचा माणूस सी. के. नायडूंचे नाव घेतो तेव्हा त्यापुढे 'कर्नल' लावायला सहसा विसरत नाही. कोट्टारी कनकय्या नायडू यांना हा हुद्दा रणांगणावरील कामगिरीबद्दल मिळालेला नव्हता. तो होळकर संस्थानाच्या फौजेतील हुद्दा होता, आणि तो चालून आला तो बॅटीच्या जोरावर. भारताच्या पहिल्या कसोटी कर्णधाराच्या नावाला चिकटलेला हा लष्करी शब्द आज कौतुकाने उच्चारला जातो. त्यात काही गैर आहे असे कोणालाही वाटत नाही. परंतु या देशात खेळाडू कोणाच्या अन्नावर वाढला, त्याच्या श्रमाचे मोल कोणी ठरवले आणि त्या बदल्यात त्याच्याकडून काय अपेक्षिले गेले, हे सारे त्या एका शब्दात दडलेले आहे. म्हणून त्या शब्दाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू, पण मध्य प्रांताच्या या राजधानीत चांगले रुजलेले. आजोबा नारायणस्वामी नायडू हे नागपुरातील नामांकित वकील. १८९१ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन प्रथमच नागपुरात भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. वडील सूर्यप्रकाशराव इंग्लंडात शिकून आलेले वकील. तेव्हा नायडू हे झोपडीतून उठून शिखरावर गेले अशी जी एक भाबडी कथा अधूनमधून रंगवली जाते, तिला आधार नाही. घरात शिक्षण होते, सुबत्ता होती, आणि मुलाने शाळेच्या वयात दिवसचे दिवस मैदानावर घालवले तरी चूल विझण्याची भीती नव्हती. त्या काळच्या क्रिकेटमध्ये शिरायला एवढी पुंजी लागतच असे. ती नसलेल्याची काय गत होई, ते पुढे येईलच.

१९१६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, नायडू मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून प्रथम खेळले. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशी जातधर्मांची उतरंड मैदानावर मांडणारी ही स्पर्धा होती. तिच्याविषयी महात्मा गांधींनी १९४० साली जे स्पष्ट मत दिले ते सर्वश्रुत आहे. मात्र विशीतल्या खेळाडूला त्या काळी दुसरे मोठे व्यासपीठ नव्हते, हेही तितकेच खरे. उंच, ताठ, पहिल्या चेंडूपासून बॅट मोकळी सोडणारा हा फलंदाज मुंबईच्या प्रेक्षकाला आवडला आणि त्याची कीर्ती इंदूरपर्यंत गेली. १९२३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना बोलावून घेतले व आपल्या फौजेत अधिकारपद दिले.

१९२३ हे साल नागपूरच्या कार्यकर्त्याला वेगळ्या कारणासाठी ठाऊक असते. त्याच उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नागपुरात झेंडा सत्याग्रह चालला. देशाच्या कानाकोपऱ्यातून स्वयंसेवक आले, तिरंगा हातात घेऊन सिव्हिल लाइन्सच्या दिशेने निघाले आणि तुरुंगात गेले. राष्ट्रीय सभेच्या स्वागताध्यक्षाचा नातू त्याच वर्षी हे शहर सोडून ब्रिटिशांच्या मांडलिक राजाच्या फौजेत दाखल झाला. याबद्दल नायडूंना दोष देण्याचे कारण नाही. खेळणे हेच ज्याचे काम, त्याला काम देणारा दुसरा मालक त्या वेळी हिंदुस्थानात नव्हता. गिरणी मालक चेंडू मारण्याबद्दल पगार देत नव्हता, सरकार देत नव्हते, आणि राष्ट्रीय चळवळीला खेळाडूची दखल घेण्याइतकी फुरसत नव्हती. ती पोकळी संस्थानिकांनी भरून काढली.

आणि संस्थानिक म्हणजे तरी कोण? ज्या तुकोजीरावांनी नायडूंना आणले, त्यांना तीनच वर्षांत, १९२६ च्या फेब्रुवारीत, गादी सोडावी लागली. मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला, मुमताज बेगम प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले, आणि चौकशीला सामोरे जाण्यापेक्षा महाराजांनी राज्यत्याग पत्करला. खेळाचे आश्रयदाते म्हणून ज्यांचे गोडवे गायले जातात त्यांच्या दरबारातील वातावरण असे होते. नायडूंची नोकरी मात्र टिकली. पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात हुद्दाही वाढत गेला.

त्याच १९२६ सालच्या १ डिसेंबरला मुंबई जिमखान्याच्या मैदानावर जे घडले त्याने नायडू हे नाव घरोघर गेले. आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ हिंदुस्थानात आला होता. हिंदू संघाविरुद्धच्या सामन्यात आदल्या दिवशी पाहुण्यांच्या गाय अर्लने षट्कारांची आतषबाजी करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी नायडू खेळायला आले आणि दोन तासांच्या आत १५३ धावा करून परतले. त्यांत ११ षट्कार होते. डाव सुरू झाल्याची बातमी मुंबईच्या कचेऱ्यांत आणि बाजारात पसरली, तसे लोक काम टाकून मैदानाकडे धावले. झाडे आणि आसपासची छपरे माणसांनी भरली. यातील मर्म धावांच्या आकड्यात नाही. मुंबई जिमखाना ही गोऱ्यांची संस्था होती. भारतीय माणसाला तेथे सभासदत्व नव्हते. ज्या वास्तूच्या पायऱ्या चढण्याची मुभा नाही तिच्या दिशेने एक काळा माणूस चेंडू मागून चेंडू भिरकावतो आहे, हे दृश्य त्या दिवशी हजारो कारकुनांनी, विद्यार्थ्यांनी आणि कामगारांनी पाहिले. असहकाराची लाट ओसरून चार वर्षे झाली होती. सविनय कायदेभंगाला अजून चार वर्षे अवकाश होता. मधल्या त्या मरगळलेल्या काळात लोकांना मान ताठ करायला त्या दुपारने एक निमित्त दिले. एम.सी.सी.ने नायडूंना चांदीची बॅट दिली. लोकांनी जे दिले त्याची नोंद कोठे नाही.

लोक असे भारावलेले असताना खेळाची मालकी मात्र दुसऱ्याच हातांत एकवटत होती. गिलिगनच्या दौऱ्यानंतर डिसेंबर १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे पहिले अध्यक्ष ग्रँट गोव्हन हे दिल्लीचे इंग्रज उद्योजक, आणि पैशाची खरी नाडी पतियाळाच्या महाराजांकडे. या मंडळींनी इंग्लंडकडून खेळ घेतला तसा खेळाभोवतीचा एक नियमही घेतला. तो म्हणजे 'हौशी' आणि 'धंदेवाईक' हा भेद. इंग्लंडात हौशी खेळाडू 'सभ्य गृहस्थ' म्हणवला जाई आणि पैसे घेऊन खेळणारा नुसता 'खेळाडू'. दोघांना कपडे बदलायला वेगळ्या खोल्या, मैदानावर यायला वेगळी दारे. धावफलकाच्या कागदावर दोघांची नावेसुद्धा वेगळ्या पद्धतीने छापत. जॅक हॉब्जसारखा अद्वितीय फलंदाज धंदेवाईक होता म्हणून इंग्लंडचा रीतसर नेमलेला कर्णधार कधीही झाला नाही. तो मान धंदेवाईकाला मिळायला १९५२ साल उजाडावे लागले, आणि हा भेद रद्द व्हायला १९६२ संपावे लागले. ज्याच्या घरी जमिनीचा खंड येतो त्याला पैशाशिवाय खेळणे परवडते. आपल्याला परवडते तेच नैतिक आणि दुसऱ्याला परवडत नाही ते हीन, असे ठरवून या वर्गाने आपल्या सवडीला सद्गुणाचे नाव दिले.

हा नियम एखाद्याचा कसा बळी घेतो हे पाहायचे तर क्षणभर अमेरिकेकडे वळावे लागेल. नायडूंच्याच पिढीतला जिम थॉर्प हा तेथील मूळ रहिवाशांपैकी सॅक अँड फॉक्स जमातीचा मुलगा. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ साली काढलेल्या शाळेत तो शिकला. आदिवासी मुलांचे केस कापून, त्यांची भाषा बंद करून त्यांना 'सुधारण्यासाठी' काढलेली ती शाळा होती. तिच्या फुटबॉल संघाने थॉर्पच्या बळावर श्रीमंत विद्यापीठांच्या संघांना धूळ चारली. (अमेरिकेतील हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून अंगावर येणाऱ्यांना चुकवीत वा लोळवीत पुढे नेण्याचा खेळ. आपल्याकडील फुटबॉलशी त्याचे नावापुरतेच नाते.) १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पाच आणि दहा प्रकारांच्या मैदानी स्पर्धांची दोन्ही सुवर्णपदके त्याने जिंकली. त्या वेळी त्याच्या जातबांधवांपैकी अनेकांना अमेरिकेचे नागरिकत्वही नव्हते. ते सर्वांना मिळाले १९२४ साली. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, त्याची पदके काढून घेण्यात आली. गुन्हा एवढाच, की १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत त्याने एका छोट्या बेसबॉल संघातून किरकोळ मोबदल्यावर सामने खेळले होते. असे सामने खेळणारे महाविद्यालयीन तरुण त्या काळी पुष्कळ होते, पण ते खोट्या नावाने खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. ढोंग करण्याचे शिक्षण त्याला कोणी दिले नव्हते.

त्यानंतर थॉर्पने उघडपणे पैसे घेऊन खेळायचे ठरवले. १९१५ पासून तो ओहायोतील कँटनच्या संघाकडून खेळला, आणि १९२० साली धंदेवाईक फुटबॉल संघांची जी संघटना तेथे स्थापन झाली तिचा पहिला अध्यक्ष तोच झाला. आज अब्जावधी डॉलरची उलाढाल करणारी नॅशनल फुटबॉल लीग ती हीच. मालकांनी त्याचे नाव पाटीवर लावले ते तिकिटे खपावीत म्हणून. कारभार त्याच्या हाती दिला नाही, आणि पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलला. १९५३ साली तो गरिबीत मरण पावला. पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांना १९८३ साली मिळाल्या. त्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले ते तब्बल ११० वर्षांनी, २०२२ मध्ये.

थॉर्पकडे संस्थानिक नव्हता, म्हणून त्याची कमाई उघडी पडली. नायडूंकडे होता. होळकरांच्या फौजेतील पगार हा लष्करी अधिकाऱ्याचा पगार, खेळाचा नव्हे. त्यामुळे नायडू कागदोपत्री हौशी राहिले. एकाच्या अंगावर गणवेश चढला आणि दुसऱ्याची पदके उतरली. व्यवहार दोघांचाही एकच होता. खेळणाऱ्याने पोटासाठी मोबदला घेतला होता.

मात्र गणवेशाची किंमत मोजावी लागते. १९३२ साली भारताचा संघ पहिला अधिकृत कसोटी सामना खेळायला इंग्लंडला निघाला तेव्हा कर्णधार नेमले गेले पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी. पोरबंदरकरांची फलंदाजी अशी, की दौऱ्यातील मोठ्या सामन्यांत त्यांच्या धावा हाताच्या बोटांवर मोजता याव्यात. पण त्यांच्याविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे : आपली योग्यता त्यांना कळत होती. लॉर्ड्सवरील कसोटीला ते स्वतःहून बाजूला झाले. लिंबडीकर जायबंदी होते. अशा प्रकारे दोन राजे वजा झाल्यावर २५ जून १९३२ रोजी छत्तीस वर्षांच्या नायडूंनी भारतीय संघ मैदानात नेला. तेव्हाही, प्रजेपैकी एकाच्या हाताखाली खेळायचे नाही म्हणून संघातल्या काहींनी आदल्या रात्री कुरबूर केली आणि पतियाळाहून तार आल्यावर ती शमली, अशी हकीकत सांगितली जाते. बंड झाले ते राजाच्या नावाने, मिटले तेही राजाच्या तारेने!

त्या सामन्यात अर्ध्या तासात इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली होती. महंमद निस्सारच्या वेगापुढे सटक्लिफ आणि होम्ससारखे सलामीवीर उडाले. भारत अखेरीस १५८ धावांनी हरला, पण पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा केल्या त्या दुखऱ्या हाताने खेळणाऱ्या नायडूंनी. भारताच्या वतीने कसोटीतील पहिला चेंडू खेळणारे जनार्दन नवले हे पुण्याच्या परिसरातील फुलगावचे. त्यांचे उतारवय हलाखीत गेले. त्यांच्या नावामागे कोणत्याही दरबाराचा हुद्दा नव्हता. त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत सोळाशेहून अधिक धावा केल्या आणि १९३३ साली 'विस्डेन'ने त्यांना वर्षातील पाच क्रिकेटपटूंत स्थान दिले.

१९३३ च्या डिसेंबरात भारतभूमीवरील पहिली कसोटी झाली तीही मुंबई जिमखान्यावरच. नायडू कर्णधार, समोर जार्डिन. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या तेव्हा दुसऱ्या टोकाला बराच वेळ नायडू उभे होते. तीन सामन्यांच्या त्या मालिकेत भारत दोन हरला, एक अनिर्णित राहिला. त्यानंतर नायडूंकडून कर्णधारपद गेले ते खेळातील अपयशामुळे नव्हे. विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांना सारे 'विझी' म्हणत, त्यांना ते पाहिजे होते, आणि मंडळात मते कशी जमवायची हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात तीन कसोट्यांत मिळून त्यांनी ३३ धावा केल्या. संघातील सर्वांत बहरात असलेल्या अमरनाथांना त्यांनी दौऱ्याच्या मध्येच घरी पाठवले. नायडूंचा न्याहारीच्या वेळी सर्वांदेखत पाणउतारा केल्याबद्दल बाका जिलानी याला ओव्हल कसोटीची टोपी मिळाली, असे क्रिकेटच्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. आणि याच दौऱ्यात इंग्रज सरकारने विझींना 'सर' केले. पुढे मुंबईचे मुख्य न्यायाधीश बोमंट यांच्या समितीने १९३७ मध्ये त्यांच्या कर्णधारपदावर ठपका ठेवला आणि अमरनाथांना निर्दोष ठरवले. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

त्या ओव्हल कसोटीत, अंगावर बसलेला चेंडू सोसून, नायडूंनी ८१ धावा केल्या. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतील ही सर्वोच्च धावसंख्या आणि हाच अखेरचा सामना. सात कसोट्या, ३५० धावा. आकड्यांच्या भक्तांना हे फार थोडे वाटेल.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. इतके सोसूनही नायडू गप्प का राहिले? ते मितभाषी होते, शिस्तीचे कडक होते, सहकाऱ्यांपासून काहीसे अलिप्त राहात, हे सारे खरे. पण स्वभावाच्या पलीकडचे एक उत्तर आहे. एका राजाची नोकरी करणाऱ्या माणसाला दुसऱ्या राजाविरुद्ध आवाज उठवता येत नाही. इंदूरच्या फौजेतील अधिकारी विजयानगरमच्या राजकुमारावर आरोप करू लागला असता तर राजेलोकांच्या आपसातील व्यवहारात त्याच्या हुद्द्याचे काय झाले असते? नायडूंचे बंड बॅटीपुरते होते. गोऱ्या गोलंदाजाला ते मैदानाबाहेर भिरकावू शकत होते. आपल्याच मंडळाच्या बैठकीत त्यांना शब्द नव्हता.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. संस्थानिक नसते तर नायडूही नसते. खेळाला आश्रय कोणी दिला असता? त्याचे उत्तर नायडूंच्या आधीच्या पिढीत सापडते. पुण्यातील पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील मुलगा. गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडणे, जाळी लावणे या कामावर तो महिन्याला चार रुपयांवर राबत होता. फावल्या वेळात इंग्रज अधिकाऱ्यांना गोलंदाजी करता करता तो देशातील श्रेष्ठ डावखुरा गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, पतियाळाच्या महाराजांच्या संघातून खेळताना, त्याने ११४ बळी घेतले. तो हिंदू संघाचा कणा होता. तरी चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई, आणि त्या संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ साली मिळाले, तेही वर्तमानपत्रांतून आणि सभांतून वर्षानुवर्षे वाद झाल्यानंतर. पुण्याच्या आणि मुंबईच्या सामान्य माणसांच्या दबावाने एका दलित घरातील माणूस सवर्णांच्या संघाचा प्रमुख झाला. म्हणजे लोकांचा आश्रय ही गोष्ट अशक्य नव्हती. तिला संघटित रूप द्यायला कोणी पुढे आले नाही, एवढेच. नायडूंनी वर्णाची भिंत फोडली, पळवणकर बंधूंनी जातीची. संपत्तीची भिंत मात्र जागच्या जागी राहिली आणि दोघेही तिच्याच सावलीत खेळले.

कसोटी सामने संपल्यावर नायडूंची कारकीर्द संपली नाही. किंबहुना तिचा सर्वांत विलक्षण भाग त्यानंतरच सुरू झाला. १९४१ साली एका औषधी टॉनिकच्या जाहिरातीत ते झळकले. जाहिरात करणारा पहिला भारतीय क्रिकेटपटू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. हौशीपणाच्या सोवळ्याला तेवढे चालत असावे! मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशा खेळाडूंना घेऊन त्यांनी होळकर संघ बांधला. त्या संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वर्षे रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी २०० धावा केल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. या इंदूरच्या संघात निरनिराळ्या प्रांतांचे, धर्मांचे खेळाडू एकत्र होते आणि त्यांना वर्षभर सराव करता येई, कारण महिनाअखेरीस पगार नक्की होता. संस्थानिकांच्या बाजूने बोलायचे तर एवढे बोलता येते, आणि ते खरे आहे : उद्याची चिंता मिटली की भारतीय खेळाडू काय करू शकतो हे होळकर संघाने दाखवले. फक्त ती चिंता मिटवणे एका माणसाच्या मर्जीवर होते. संस्थान विलीन झाले आणि काही वर्षांत तो संघही नाहीसा झाला.

१९५६ साली नायडूंना पद्मभूषण मिळाले. १९५६-५७ मध्ये एकसष्टाव्या वर्षी ते उत्तर प्रदेशचे कर्णधार म्हणून रणजी सामन्यांत उतरले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी संस्थानिकांचे तनखे रद्द झाले.

राजांची जागा पुढे कोणी घेतली? कुस्तीचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर राजाचा आधार उरला नव्हता आणि स्वतंत्र भारताचे सरकार अजून खेळाडूपर्यंत पोहोचले नव्हते. तेव्हा गावोगाव वर्गणी झाली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडले. १९५५ मध्ये त्यांना पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळाली. म्हणजे पुन्हा गणवेश, पुन्हा हुद्दा. मात्र या वेळी सरकारी. तीच वाट पुढे रेल्वेने, बँकांनी आणि सार्वजनिक उद्योगांनी रुंद केली, आणि कबड्डी, खो-खो, हॉकी, महिला क्रिकेट यांतील हजारो खेळाडूंची घरे त्या नोकऱ्यांवर चालली. उद्योग विकायला काढणाऱ्यांच्या हिशेबात या नोकऱ्यांचा रकाना असल्याचे दिसत नाही.

क्रिकेटचे मात्र निराळे झाले. २००८ पासून खेळाडूंचा जाहीर लिलाव होतो, आणि एकेकाळी पैशाचे नाव काढणे ज्या खेळात पाप होते तेथे पैशाखेरीज दुसरे बोलणे नाही. खेळाडूला मोबदला मिळाला याचे दुःख कोणी करू नये; तो त्याच्या कष्टाचा आहे. प्रश्न आहे तो त्याच्या शब्दाचा. अमेरिकेतील फुटबॉलपटूंनी १९५६ साली आपली कामगार संघटना बांधली आणि मालकांशी सामूहिक वाटाघाटींचा हक्क पुढे मिळवला. भारतात न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या सुधारणांनंतर २०१९ साली क्रिकेटपटूंची जी अधिकृत संघटना उभी राहिली ती निवृत्त खेळाडूंची. जो आज मैदानावर आहे, ज्याचा करार आज व्हायचा आहे, त्याला तिचे सभासद होता येत नाही. नायडूंना मंडळाच्या बैठकीत जागा नव्हती, ती त्यांच्या वारसांना अजून मिळायची आहे.

नागपूरच्या उत्तरेला खापरखेड्याजवळ वलनी येथे कोळसा खाणीची वसाहत आहे. तेथील एका खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिसच्या चेंडूने खेळत मोठा झाला, वयाच्या विशीत पोहोचेपर्यंत त्याने चामड्याचा चेंडू हाती धरला नव्हता. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीत उतरला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत गेलेला तो पहिला खेळाडू. नायडूंना ज्या पुंजीवर सुरुवात करता आली तिच्यातले काहीही त्याच्यापाशी नव्हते. २०१७ साली, पस्तीसच्या आसपास कसोट्या खेळून झाल्यावर, त्याला नागपुरातच रिझर्व्ह बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून साहाय्यक व्यवस्थापकाची नोकरी मिळाली.

त्याच हंगामात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. अंतिम सामना दिल्लीविरुद्ध होता. १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून तो जिंकला तेव्हा संघाचा कर्णधार फैज फजल हा नागपूरचा होता, आणि मैदान होते इंदूरचे, होळकरांच्या नावाचे.